उलट्या चित्राचा तास

१

कलेचा इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक चित्र कधी पुरत नाही. एक डावीकडे, एक उजवीकडे, अशी जोडी पडद्यावर लागल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. बाईंचंही तसंच होतं. कॉलेजात सगळे त्यांना बाई म्हणत, मुलं तेवढी मॅडम म्हणत. रोज सकाळी तासाआधी त्या विभागातल्या आपल्या टेबलाशी बसत, चहाचा कप डाव्या बाजूला ठेवत, उजव्या हाताने माउस धरत आणि चित्रकोश उघडत.

चित्रकोश म्हणजे कॉलेजने वर्गणी भरून घेतलेला चित्रांचा डिजिटल संग्रह. नाव टाकलं की दूरदूरच्या संग्रहालयांतली चित्रं टेबलावर हजर. चित्र इतकं मोठं करून बघता यायचं की रंगाला गेलेले तडे दिसत, कधी ब्रशचा चिकटून राहिलेला केससुद्धा. हवी ती चित्रं एका गटात गोळा करायची आणि तासाला शेजारी शेजारी लावायची. आपण स्वतः काढलेल्या फोटोंसाठीही त्यात एक कप्पा होता. स्लाइडांच्या पेट्या उचलून बाईंचा खांदा कामातून गेला होता, त्यामुळे यंत्रावर करता येईल तेवढं प्रेम त्यांनी चित्रकोशावर केलं.

वर्षातून एकदा बाई उलट्या चित्राचा तास घेत. एखादं चित्र आरशात दिसावं तसं उलटवून पडद्यावर लावायचं आणि मुलांना काही सांगायचं नाही. तीच खिडकी, तीच माणसं, पण घरातून निघालेला माणूस परत येतोय असं वाटायला लागतं, जवळ बसलेली दोघं दुरावल्यासारखी दिसतात. हे मुलांना आपणहून कळावं अशी बाईंची इच्छा. बहुतेक वर्षी पालथ्या घड्यावर पाणी पडायचं. तरी बाई हा तास सोडत नसत.

यंदा त्यांनी एक जुनं चित्र निवडलं होतं. साधी खोली, डावीकडे खिडकी, खिडकीशी खुर्चीत बसलेली म्हातारी, एक हात मांडीवर. त्याच्या जोडीला त्यांनी आपल्या आईचा फोटो लावला. आई घरी अशीच बसायची. फोटो बाईंनीच मोबाईलवर काढला होता. डावीकडे खिडकी, शेजारी खुर्ची, मागे भिंतीवर कॅलेंडर, आणि आई सरळ फोटो काढणारीकडे बघतेय. खिडकीचं एक दार अर्धवट उघडं होतं आणि त्याच्या काचेत मोबाईल धरलेल्या बाई पुसट दिसत होत्या.

आईला झटका येऊन दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. एक शब्द तेवढा मागे राहिला: बरं. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. बाई त्या एका शब्दाच्या साऱ्या चाली ओळखायला शिकल्या होत्या. सकाळी त्या निघताना दाराकडे बघत आई जो बरं म्हणायची, त्याची चाल अगदी वेगळी, जरा लांबवलेली. नीट जा, माझी काळजी करू नकोस, असा त्याचा अर्थ. आई पूर्वी त्यांना ठमे म्हणायची. ती हाक पुन्हा एकदा ऐकायला मिळावी म्हणून बाईंनी काय वाटेल ते दिलं असतं. हे त्या कुणाला बोलून दाखवत नसत, पण रोज मनात आणत.

त्या सकाळी घाई होती. गटातल्या एकाच चित्रावर खूण करायची, ती बाईंनी अख्ख्या गटावर केली. 'उलटवा' दाबलं, 'जतन करा' दाबलं. दोन्ही चित्रं उलटली. आईचा निर्जीव हात दुसऱ्या बाजूला गेला, कॅलेंडरवरची अक्षरं वाचता येईनाशी झाली. चित्रकोशाच्या स्वतःच्या चित्रांची मूळ प्रत सुरक्षित राहते. आपल्या फोटोंचं तसं नसतं, तिथे बदल मूळ फोटोवरच चढतो. नव्या शिक्षकांना हे बाईच बजावून सांगत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं म्हणून त्या स्वतःशीच हसल्या आणि चहाच्या कपाकडे हात नेला. कप तिथे नव्हता. तो उजव्या बाजूला होता, आणि शोधताना कोपर लागून सांडलाच.

२

टेबल पुसेपर्यंत घंटा झाली. फोटो तासानंतर सरळ करू, असं ठरवून बाई वर्गात गेल्या.

दिवे मालवले. वर्गात प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर तेवढी उरली. पडद्यावर दोन्ही चित्रं आली. मुलं बघत राहिली. पहिल्या बाकावर जाड चष्मा लावणारी एक मुलगी बसे, सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. तिने हात वर केला.

"मॅडम, चित्र उलटं आहे. उजेड उजवीकडून येतोय. तुम्हीच म्हणाला होतात, उजव्या हाताचा चित्रकार उजेड डावीकडून घेतो, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी आपली चूकही कबूल करायचं ठरवलं. "शाबास. आणि फोटोचं काय?"

"फोटो सरळ आहे."

"नीट बघ."

"सरळच आहे, मॅडम. कॅलेंडर वाचता येतंय."

बाई वळल्या. फोटो सरळ होता. खिडकी डावीकडे, आईचा उजवा हात मांडीवर ओघळलेला, कॅलेंडरवर महिन्याचं नाव स्पष्ट. बाईंनी तो आत्ताच उलटा पाहिला होता. जतन करताना काहीतरी अर्धवट राहिलं असेल, चित्रकोशाला आपल्यापेक्षा जास्त अक्कल आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि फळ्यावर उजेडाच्या दिशा दाखवायला खडू उचलला.

मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आज उजव्या हाताने?"

दोघंतिघं हसली. विनोद काय झाला ते बाईंना कळलं नाही. कळला नाही तरी हसायचं, एवढं त्या इतक्या वर्षांत शिकल्या होत्या. त्याही हसल्या.

३

दुपारी घराचं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि बाई उंबऱ्यातच थांबल्या. काहीतरी खटकलं, पण काय ते पटकन सांगता येईना. खोली तीच. खुर्ची, औषधांचं लहान टेबल, भिंतीवर कॅलेंडर. मग त्यांचा जन्माचा अभ्यास कामी आला. उजेड उजवीकडून येत होता.

खिडकी उजव्या भिंतीत होती. त्या भिंतीपलीकडे तर शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर. दोन वर्षं दुपारी तिथून भांड्यांचे आवाज यायचे. आत्ताही येत होते, पण डाव्या भिंतीतून.

"आलीस? की दारातच मुक्काम?"

आवाज आईचा होता. बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.

आई खुर्चीत बसली होती. उजव्या हाताने ती मांडीवरचा रुमाल घडी करत होती, मोडत होती, पुन्हा घडी करत होती. डावा हात शेजारी पडून होता. दिवसभर आईजवळ थांबणाऱ्या मावशी आतून सुपाची वाटी घेऊन आल्या.

"मावशी," बाई कशाबशा म्हणाल्या, "आई बोलली."

"मग काय झालं?" मावशींनी वाटी टेबलावर ठेवली. "सकाळपासून बोलतायत. त्यांचं बोलणं थांबतं कधी, ताई?"

"पण तिची वाचा... आणि हात. उजवा हात होता ना गेलेला?"

मावशींनी बाईंकडे नीट पाहिलं. "रोज डाव्या हाताला तेल चोळते मी. उन्हातून आलात का? बसा जरा."

बाई बसल्या नाहीत. त्या आईच्या पायाशी गेल्या, तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि रडल्या. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं होतं. मागितली होती फक्त हाक, आणि आई अख्खीच्या अख्खी बोलत होती. खिडकी इकडे की तिकडे, हा प्रश्न त्या क्षणी त्यांना फार क्षुल्लक वाटला.

"पुरे," आई वरून म्हणाली. "गाऊन ओला करशील. आत्ताच बदललाय."

४

संध्याकाळी त्यांनी दादाला फोन लावला. दादा परगावी असायचा आणि सणावाराला पैसे आणि सल्ले पाठवायचा.

"दादा, आई बोलतेय."

"बरं, मग? दे तिला. नाहीतर नको देऊस, मागच्या वेळी तासभर ऐकून घेतलंय मी."

"दोन वर्षांनी बोलतेय, दादा."

"तुझी तब्येत बरी आहे ना? अगं, आईचं बोलणं बंद झालं असतं तर पहिल्यांदा तूच सुटले म्हणाली असतीस. परवा रडून काय बोलत होतीस ते विसरलीस?"

बाईंनी काय ते विचारलं नाही. थकव्याने माणसाची गल्लत होते, हे त्यांना ठाऊक होतं. रोज शेकडो चित्रं बघणाऱ्याला डावं उजवं कुठलं, असा घोटाळा होऊ शकतो. एका परीक्षेत त्यांनी स्वतःच एका ओळखीच्या चित्राची दिशा चुकीची सांगितली होती आणि शपथेवर सांगितली होती. स्मरणाचं काही खरं नसतं. त्यांनी आपला डावा अंगठा पाहिला. त्यावर लहानपणचा सुरीचा वण होता. उजव्या हाताने चिरताना डाव्या अंगठ्यावर सुरी घसरली होती. वण जिथे होता तिथेच होता. त्याने त्यांना धीर आला, पण तो फार टिकला नाही.

रात्रीच्या जेवणापर्यंत बाईंना कळून चुकलं की आईच्या जिभेला हाड नाही. ती मोठ्याने बोलत नसे, ओरडत तर मुळीच नसे. रुमालाची घडी घालता घालता सावकाश बोलायची.

"केस किती पांढरे झालेत तुझे. रंगवून तरी कुणाला दाखवायचेत म्हणा."

"दादाला मुलं आहेत, त्याला वेळ नसतो. तुला काय, वेळच वेळ."

"मेलेल्या लोकांची चित्रं दाखवून पगार मिळतो हिला. मी मेले की माझंही दाखव. फोटो काढून ठेवलायसच."

बाई ऐकत होत्या. एवढं बोलणं ऐकायची कानांना सवय उरली नव्हती. तरी मन अजून लोभ धरून होतं. सूप भरवताना त्यांनी हळूच विचारलं, "आई, मला पूर्वी काय म्हणायचीस तू? लाडाने?"

"लाडाने?" आईने घोट घेतला. "मला नाही तसली सवय."

"ठमे नाही म्हणायचीस?"

"ठमी कोण?" आई त्यांच्या हातातल्या चमच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. "तू आज उजव्या हाताने भरवतेयस."

"मग कुठल्या हाताने भरवू?"

आई हसली. "आज तू ऐकून घेतेयस," ती म्हणाली. "एरवी वाटी आपटून उठून गेली असतीस. परवा त्या खिडकीशी उभी राहून मला काय म्हणालीस? तुझी वाचा गेली असती तर किती बरं झालं असतं. पोटच्या मुलीच्या तोंडून ऐकलंय मी."

"मी नाही म्हणाले," बाई म्हणाल्या.

"नाही," आई म्हणाली. "तू नाही म्हणालीस."

५

सकाळी विभागात कुणी आलं नव्हतं. बाई टेबलाशी बसल्या. माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला होता. काल सांडलेल्या चहाच्या गडबडीत सरकला असेल असं म्हणून त्यांनी तो उजवीकडे आणला, तर वायर पुरेना. ती टेबलाच्या डाव्या भोकातून घातलेली होती आणि त्या भोकाच्या कडा वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झाल्या होत्या. खणात कात्री होती. कागद कापायला घेतली तर ती चालेना, बोटं अवघडली. ती डावखुऱ्यांची कात्री होती.

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मागे एकदा निरोप समारंभात काढलेला विभागाचा फोटो भिंतीवर होता. त्यात त्या खडू धरून फळ्याशी उभ्या होत्या. खडू डाव्या हातात होता.

काल दुपारपासून त्या एकच विचार करत होत्या, की आई बदलली. खोली बदलली, मावशींचं डोकं फिरलं, दादा विसरला. सगळं जग चुकलं आणि एकट्या बाई बरोबर, असा हिशेब त्यांनी मांडला होता. कॉलेजात असा हिशेब मांडणाऱ्या मुलाला त्यांनी हसून खाली बसवलं असतं. इथे बाकी सगळं जागच्या जागी होतं. इथल्या बाई डावखुऱ्या होत्या. इथल्या आईची डावी बाजू गेली होती आणि तिची वाचा शाबूत होती. चुकीच्या जागी एकच वस्तू होती आणि ती या टेबलाशी बसली होती.

मग आपली आई कुठे आहे? आणि तिच्याजवळ कोण आहे?

त्यांनी चित्रकोश उघडला. फोटो तिथेच होता, सरळ. डावीकडे खिडकी, आईचा उजवा हात ओघळलेला. त्यांची आई. बाईंनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आईचे डोळे पडद्यावर आले. हजारदा मुलांना सांगितलेलं वाक्य त्यांना आठवलं: आधी बघा, कोण कुणाकडे बघतंय.

आई फोटो काढणारीकडे बघत नव्हती. तिची नजर बाजूला, खिडकीच्या काचेकडे गेली होती.

बाईंनी काच मोठी केली. पुसट आकृती होती. मूळ फोटोत तिच्या चेहऱ्यासमोर मोबाईल होता, हे बाईंना शपथेवर सांगता आलं असतं. आता नव्हता. हात खाली होते. चेहरा ओळखायला वेळ लागला नाही, रोज आरशात दिसतो तोच होता. फक्त तो झोप पूर्ण झालेल्या माणसाचा होता. बाईंचा चेहरा असा कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

त्यांनी 'उलटवा' दाबलं. 'जतन करा' दाबलं. पडद्याच्या तळाशी नेहमीची पट्टी आली: बदल जतन झाला. त्याच क्षणी माउस उजव्या हाताखाली बरोबर बसला, वायर सैल झाली, डावीकडून चहाचा वास आला. बाईंनी श्वास घेतला. तो सोडायच्या आत पट्टी दुसऱ्यांदा उमटली: बदल जतन झाला. हात उचललेला होता. त्यांनी काही दाबलं नव्हतं. वायर पुन्हा ताणलेली होती.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी तर पट्टी इतक्या झटकन आली, जणू कुणी बोट तयार ठेवूनच बसलं होतं.

६

दुपारी घरी आल्यावर बाईंनी मोबाईलवर तो फोटो उघडून मावशींपुढे धरला. आईला डुलकी लागली होती. शेजाऱ्यांकडे भांडी वाजत होती.

"मावशी, हा फोटो बघा. आईचा कुठला हात पडलाय?"

मावशींनी डोळे बारीक केले. "उजवा. म्हणजे फोटो उलटा आलाय. होतं तसं मोबाईलवर."

"कॅलेंडर वाचा."

मावशी वाचायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, झोपलेल्या आईकडे पाहिलं. मग मोबाईल बाईंच्या हातात परत दिला, तापलेलं भांडं देतात तसा.

"हे मला नका दाखवू, ताई."

"तुम्हालाही दिसतंय ना?"

"मला काही दिसत नाही. माझं काम तेल चोळायचं." मावशींनी पदराला हात पुसले, चपला घातल्या. दारात त्या वळल्या. "काल सकाळी तुम्ही निघताना आईंच्या पाया पडलात. कधी नाही ते. मी म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला. तेव्हाच विचारायला हवं होतं, कुठे निघालात म्हणून."

त्या लवकर निघून गेल्या. बाईंनी काल सकाळी घाईत फक्त हात हलवला होता. पाया त्या पडल्या नव्हत्या.

म्हणजे ते निव्वळ चुकून झालं नव्हतं. निदान एका बाजूने तरी नाही.

७

सुट्टीच्या दिवशी, भर सकाळी, बाई लॅपटॉप मांडीवर घेऊन आईसमोर बसल्या. जायचं तर याच खोलीतून जायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. क्षण मिळाला तर क्षण. लॅपटॉप बंद करायचा, आईच्या खुर्चीचा दांडा धरायचा आणि सोडायचा नाही. पुढचा विचार त्यांनी केला नव्हता. करण्यासारखा नव्हताच.

आई बोलत होती. मावशींनी काम सोडल्याबद्दल, बाईंच्या नशिबाबद्दल, दादाच्या बायकोबद्दल. रुमालाची घडी होत होती, मोडत होती. बाईंनी 'उलटवा' दाबलं आणि 'जतन करा' दाबलं.

बोलणं मधेच तुटलं.

उजेड डावीकडून आला. खोली शांत होती, अशी शांतता की उजव्या भिंतीपलीकडे कुणीतरी ठेवलेल्या एकाच भांड्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. खोली आवरलेली होती. खिडकीत धुतलेला पडदा होता. आईचे केस विंचरलेले होते, उजवा हात उशीवर नीट ठेवला होता, आणि अंगात एक नवा स्वेटर होता, जो बाईंनी आणलेला नव्हता. आईने मान वळवली. दोन वर्षं ज्या डोळ्यांवरून बाई सगळं ओळखत आल्या ते डोळे त्यांच्यावर येऊन थांबले.

बाईंनी खुर्चीकडे हात टाकला. बोटांना स्वेटरची लोकर लागली.

"बरं," आई म्हणाली.

भुकेचा नव्हे, दुखण्याचा नव्हे. जरा लांबवलेला, दाराकडे बघत म्हणायचा तो. नीट जा, माझी काळजी करू नकोस.

आणि पट्टी उमटली.

बाईंच्या हातात गाऊनची कड होती. उजेड उजवीकडून येत होता. खुर्चीतली आई बोलत नव्हती. बाई तिथे राहायला आल्यापासून पहिल्यांदाच ती जागेपणी गप्प होती. तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि रुमाल जमिनीवर पडला होता.

"आत्ता आली होती," ती म्हणाली. "माझी. तुझ्या जागी बसली होती. मी म्हटलं, आलीस का गं. माझ्याकडे बघितलं तिने. घाबरून बघितलं, चोराने बघावं तसं. आणि लगेच पळाली."

पलीकडच्या त्या बाईचा बाईंना राग यायला हवा होता. पण आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. बोट तयार ठेवूनच बसलो असतो. आणि आईने तो शब्द कुणाला म्हटला, निघालेल्या कुणा परक्या बाईला, की ओळखून आपल्याच मुलीला, हे आता कधीच कळणार नव्हतं. ते विचारावं अशी एकच व्यक्ती होती, आणि तिच्याजवळ उत्तराला तेवढा एकच शब्द होता.

त्यांनी लॅपटॉप बंद केला. स्वयंपाकघरातून सूप आणलं. रुमाल उचलून आईच्या गळ्याशी लावला. चमचा आधी उजव्या हातात घेतला, मग थांबून डाव्या हातात घेतला. पहिला घोट निम्मा सांडला. आता आई काहीतरी बोलेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. आई बोलली नाही. तिच्या हनुवटीवरून सूप ओघळत होतं आणि डोळ्यांतून पाणी, आणि दोन्ही पुसायला तिला भान नव्हतं.

"मी वाईट बोलते," आई हलक्या आवाजात म्हणाली. "मला कळतं. तोंड उघडलं की तेच येतं." तिने उजव्या हाताने बाईंचं मनगट धरलं. पकड घट्ट होती. "तू तरी जाऊ नकोस."

बाईंच्या मनात पुष्कळ काही होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि बराच वेळ काही आलंच नाही.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दुसरा चमचा भरला.